लाभलेली सीट

माझे टाके अजून ओढत होते, हातात झोपलेली लेक होती, आणि हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये घरचे सगळे गाडीतल्या एका सीटचं कौतुक करत उभे होते.

"अगं, बघ तरी!" नणंदबाई म्हणाल्या. लहान मुलांची ती सीट त्यांनी धुऊनपुसून नव्यासारखी करून आणली होती. नवऱ्यानं पट्टा खेचून ती मागच्या बाजूला अशी आवळली होती की हलवून हलत नव्हती. आता घाम पुसत तो शाबासकीची वाट बघत होता.

"ही तीच का? अपघातातली?" मी विचारलं.

"तीच तर!" सासूबाईंचा ऊर भरून आला. "हिनंच आपल्या नातवाला वाचवलं. आपल्या घराला लाभलेली आहे ही. बाळ पहिल्यांदा घरी जाणार ते हिच्यातच बसून."

ती हकिगत मी लग्न झाल्यापासून ऐकत आले होते. मागून ट्रकनं ठोकलं, डिकी आत घुसली, काचांचा चुरा झाला, आणि नणंदबाईंचा मुलगा सीटमध्ये जसाच्या तसा. साधं खरचटलंसुद्धा नाही! येईल त्या पाहुण्याला सांगून झालं होतं. अहो, पण मग तो सगळा दणका खाल्ला कोणी? एवढा साधा प्रश्न एकाच्याही डोक्यात येऊ नये?

"मी हिच्यात माझ्या लेकीला बसवणार नाही," मी म्हणाले.

झालं! जणू मी कोणाच्या तरी कानाखाली वाजवली.

"एक ओरखडा दाखव मला," नवरा म्हणाला.

"ओरखडा वरून दिसतो. आतून पिचली असेल तर? एवढा मार खाल्लेली सीट पुन्हा वापरायची नसते."

"तुझं आपलं काहीतरीच," सासूबाई म्हणाल्या. "ती एवढ्या मायेनं घेऊन आली, आणि तू तोंडावर नाही म्हणतेस?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माया! मायेला मी कधी नाही म्हटलं? भाच्याची झबली घेतली, पाळणा घेतला, विटलेली टोपडीसुद्धा हसतमुखानं घेतली. पण लेकीचा जीव कोणाच्या मानपानासाठी पणाला लावायचा?

"तू बाइकवरून पडलास तेव्हा हेल्मेटचा टवकासुद्धा उडाला नव्हता," मी नवऱ्याला म्हणाले. "तरी दुसऱ्या दिवशी फेकून नवं आणलंस. का रे?"

"ते... हेल्मेट एकदा जोरात आपटलं की..."

"की काय? बोल ना! तुझ्या डोक्याला नवं, आणि हिच्या डोक्याला मार खाल्लेलं? लाज कशी वाटत नाही?"



"मग मांडीवर घेऊन बस," सासूबाई म्हणाल्या. "जवळच तर जायचंय."

"तसं ट्रकवाल्यांना कळवून ठेवा, आई. आज जरा बघून चालवा म्हणावं." मी वळले. "मी आत जाऊन बसते. नवी सीट आणा, मग घरी येते."

आता नणंदबाई पाय आपटत निघून जाणार आणि वर्षभर अबोला धरणार, अशी मी मनाची तयारी केली होती. ठेवणीतली दोन वाक्यं जिभेवर आलीच होती. पण त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या.

"तू हेल्मेट फेकलंस?" त्यांनी भावाला विचारलं.

"हो, ताई."

"आणि मला कधी बोलला नाहीस."

"अगं, सुचलंच नाही..."

"अपघातानंतर माझी धाकटी हिच्यातच वाढली रे. परवापर्यंत हिच्यातच बसत होती." नणंदबाईंनी सीटकडे बघितलं. "हायवेवर मोठा ट्रक जवळून गेला की घाबरायची. मी सांगायचे, घाबरू नकोस राणी, ही दादाची सीट आहे. हिच्यात कोणाला काही होत नाही."

माझा राग होता तेवढाच होता, पण आता तो या बाईवर निघेना. त्यांनी स्वतःच वाकून पट्टा सोडवायला घेतला. खटका दाबला जात नव्हता.

"थांब, मी काढतो," नवरा पुढे झाला.

"हात लावू नकोस!" त्या अशा ओरडल्या की बाळ दचकून जागं झालं. "कात्री आणा कोणीतरी. हिचे पट्टे कापते. नाहीतर इथून उचलून नेऊन कोणी आपलं लेकरू बसवील."

कात्री मागायला सासूबाईच आत गेल्या.