हजार पाकळ्यांचा नवस

जावयावर ओरडता येत न्हाय, हेच रुद्रम्माचं खरं दुखणं होतं. दुसऱ्या कुणी असले उद्योग केले असते, तर तिचा आवाज वेशीपर्यंत गेला असता. पण शांतलिंग पडला थोरला जावई, त्यात निजामाच्या तहसिलीत कारकून, उर्दूत कागद रंगवणारा. रजा काढून श्रावणभर सासुरवाडीत ठाण मांडलं आणि रोज झुंजुमुंजूला गोठ्याच्या छपरावरल्या भोपळ्याची फुलं ओरबाडायला लागला. लिंगपूजेत हजार पाकळ्या वाहायचा नवस. कशासाठी, तर बढतीसाठी!

"नुसत्या पाकळ्याच घेतो, मामी," तो म्हणायचा. "फळाला बोट लावत न्हाय. पाकळी म्हंजे काय, नुसती शोभा."

फुलाखालची हिरवी गोळी तो खरंच जिथल्या तिथं ठेवायचा. पण चार दिवसांत ती पिवळी पडून गळायची. कार्तिकात मठात दासोह, साऱ्या गावाची पंगत. तिथली भोपळ्याची भाजी रुद्रम्माच्या वेलाची, हा मान बारा वर्षांचा. यंदा वेलावर एक भोपळा धरंल तर शपथ! शेजारच्या गजराबाईच्या कुडावर मात्र पाच लोंबत होते, आणि ती येताजाता विचारायची, "अक्का, यंदा दासोहाला माझे धाडू का?"

रुद्रम्मा दोन सकाळी छपराखाली बसून राहिली. मोहळाच्या माश्या यायच्या, बोडक्या फुलांवर एक घिरटी घालायच्या आणि सरळ गजराबाईच्या पिवळ्याधमक फुलांत शिरायच्या. लांब दांड्याच्या, गोळी नसलेल्या फुलात लोळायच्या. अंगाला भुकटी माखली की तशाच गोळीवाल्या फुलात जायच्या.

रुद्रम्माला सहीपुरती अक्षरं यायची, पण लग्नं तिनं चाळीस जुळवली होती. तिला उलगडा झाला.

"जावईबापू," ती म्हणाली, "मांडवच उपटून नेला, तर वऱ्हाड थांबंल कुठं? माश्या तुम्ही घालवल्या, आता त्यांचं काम बी तुम्हीच करा. लांब दांड्याचं फूल तोडा, पाकळ्या देवाला, भुकटी गोळीवाल्या फुलाला. आणि त्या फुलाची एक पाकळी जरी तोडली, तर पूजा माझ्या घरी न्हाय, मठात जाऊन करा."

दुसऱ्या दिवसापासून कारकूनसाहेब शिडीवर. धोतर खोचलेलं, नाकाला पिवळी भुकटी, या फुलातून त्या फुलात. कुडापलीकडं गजराबाई पदर तोंडात धरून हसत होती. मोहरमातलं सोंग बरं, असं तिनं मोठ्यानं म्हणूनही घेतलं.

आठव्या दिवशी तीन गोळ्या मुठीएवढ्या झाल्या. शांतलिंग शिडीवरूनच ओरडला, "मामी, धरले! तिन्ही धरले!"

रुद्रम्मा बाहेर आली. त्याला खाली उतरवून स्वतः शिडी चढली, तिन्ही दाबून पाहिले, मग गजराबाईला नीट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "जावई म्हणून तुम्ही जेमतेमच हो, बापू. माशी म्हणून मात्र लई गुणाचे!"