माझ्या अंगावरचे धुरे

मी एक जुनी हार्डडिस्क आहे आणि मित्रांनो, आधीच सांगते, मी वैतागलेली आहे. कारंजा लाडच्या एका घरात, कॉम्प्युटरच्या डब्यात बसून मी गरगरत असते. कारखान्यातून निघाले तेव्हा अखंड होते. घरी आणल्याबरोबर जानरावांनी विचारलं, "हिचे हिस्से किती पाडाचे?"

जानराव शेतकरी. वाटणी करायची ती सारखी, एवढं त्यांना ठाऊक. त्यांनी माझे चार समान तुकडे करवले. पहिला 'सी', तो विंडोजला. कॉम्प्युटर चालतो तो त्याच्यावर. दुसरा 'डी' थोरल्या हरीओमला, तिसरा धाकट्या शिवमला, चौथा स्वतःला. शेताच्या बांधाला इकडे धुरा म्हणतात. तसे तीन धुरे माझ्या अंगावर पडले.

अहो, विंडोज काय या घरचा तिसरा मुलगा आहे? तो सतत नवंनवं मागवतो, फुगतो, पसरतो. त्याला जास्त जागा लागते. पण माझं ऐकतो कोण! सुरुवातीला शेजारीपाजारी कौतुकानं बघायला यायचे. मग डब्यावर धूळ बसली आणि 'सी' तुडुंब भरला. बाकी सगळा आनंद! शिवमच्या हिश्श्यात चार सिनेमे, जानरावांच्यात बैलजोडीचे फोटो. हरीओम नोकरीला हैदराबादला गेला. त्याचा 'डी' तर पडीतच.

आणि वैजयंतीबाई? जानरावांच्या पत्नी. ब्लाउजची डिझाइनं याच कॉम्प्युटरवर काढायला त्या बघून बघून, चुकत चुकत शिकल्या. आज गावोगावच्या बायका त्यांच्याकडे येतात. ती सगळी डिझाइनं डेस्कटॉपवर, म्हणजे पुन्हा 'सी'मध्येच.

ऐन लग्नसराईत मी अडले. पडद्यावर नुसते ठिपके फिरत राहिले. जानरावांनी डब्याला दोन थापा मारल्या. मला थापा!

दुरुस्तीवाला उजैर आला. "काकू, विंडोज नवीन टाका लागते. 'सी'मधलं सारं जाईन. तुमचं सामान कोन्या हिश्श्यात हाय?"

"मले कुठी हिस्सा देला बापा? मी आपली ओट्यावर बसली, त्या डेस्कटॉपवर."

उजैरनं आधी पेनड्राइव्ह लावून डिझाइनं बाहेर काढली. वैजयंतीबाईंचा जीव भांड्यात पडला, माझाही. मग तो म्हणाला, "काका, 'डी' मोडून 'सी' वाढवू. नाई तं पुन्हा हेच."

"हरीओमचा हिस्सा हाय तो! माह्या बापानं कधी कोनाचा धुरा कोरला नाई."

"पोरगा दिवाळीलेबी येत नाई," वैजयंतीबाई म्हणाल्या, "आन् तुमी त्याची जागा राखून राह्यले. मी रोज बसतो इथं, मी दिसत नाई काय?"

जानरावांनी हरीओमला फोन लावला. "बाबा, कोनता 'डी'?" पलीकडून आवाज आला. "मले तं आठवतबी नाई."

जानरावांनी फोन ठेवला. "मोड," ते उजैरला म्हणाले. "पन सारा विंडोजले देऊ नको. थोडा राख."

मित्रांनो, माझी वाटणी करताना कोण किती वाढणार ते आधी बघा. जपून ठेवायचं ते विंडोजच्या हिश्श्यात ठेवू नका, त्याची एक प्रत बाहेरही असू द्या. आणि कृपा करून थापा मारू नका.

आता माझा 'सी' ऐसपैस आहे. राखलेल्या तुकड्याला उजैरनं नाव विचारलं, तेव्हा जानरावांनी एका बोटानं, अक्षरं शोधत शोधत लिहिलं: वैजयंती. शेताच्या सातबाऱ्यावर ते नाव अजून नाही. माझ्यावर आहे.