दोन माणसांचं काम

कंपनीच्या पत्रात तिचा हुद्दा ‘हायर अप्रेंटिस’ असा होता. म्हणजे शिकाऊच, पण जरा वरच्या पायरीवरची. आठवड्यातले चार दिवस कंपनी, गुरुवारी कॉलेज. कंपनीतले लोक तिला कॉलेजची समजत आणि कॉलेजातले कंपनीची. दोन्हीकडे पाहुण्यासारखी वागणूक मिळे. म्हणजे कुणी वाईट वागत नसे आणि कुणी बोलतही नसे.

दर तीन महिन्यांनी तिचा विभाग बदले. चेहरा ओळखीचा वाटायला लागला की पुढच्या इमारतीत रवानगी. सध्या ती पंप विभागात होती. कंपनीत नऊ हजार माणसं आहेत, असं फाटकावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं. कॅन्टीनमधली टेबलं सहा खुर्च्यांची. ती एकटी बसली की कुणीतरी येऊन अदबीनं विचारी, “ही घेऊ?” जेवण होईपर्यंत टेबलाला एकच खुर्ची उरे, तीही ती स्वतः बसलेली असे म्हणून.

रोज संध्याकाळी आईचा फोन येई.

“जेवायला सोबत कोण असतं गं?”

“असतात. बरेच जण असतात.”

“एखादं नाव तरी सांग.”

“आई, नऊ हजार आहेत.”

रोज तिच्याशी स्वतःहून बोलणारा एकच माणूस होता, टूल स्टोअरचा काका. भिंतीत एक खिडकी, आत काका. आपला पितळी बिल्ला द्यायचा, हत्यार घ्यायचं. हत्यार परत केलं की बिल्ला परत. तिच्या बिल्ल्यावर ४१७ आकडा होता, म्हणून काकांच्या लेखी तिचं नाव चारशे सतरा.

तर प्रश्न सहीचा होता. तिच्या प्रगतिपुस्तिकेत वर्षअखेर चाळीस पानांवर साहेबांच्या सह्या हव्या होत्या. एकोणचाळीस झाल्या होत्या. चाळिसावं पान ‘सांघिक काम’. काम दोघांनी मिळून करायचं, सहकाऱ्याचं नाव लिहायचं आणि ते साहेबांनी डोळ्यांनी पाहायचं. शुक्रवारपर्यंत पान भरलं नाही तर पुढचं वर्ष नाही. सामान बांधायचं आणि घरी जायचं.

त्यासाठी साहेबांनी सोमवारी तिला सहा नंबरचा पंप दिला. पंपाचा दांडा आणि मोटरचा दांडा एका रेषेत आणायचे. एकानं दांडा पाव पाव फेरा फिरवायचा, दुसऱ्यानं पलीकडून फरक दाखवणाऱ्या डायलचा काटा वाचायचा आणि मोटरच्या पायांखाली पातळ पत्रे सरकवायचे. “जोडीला कुणालाही घे,” साहेब म्हणाले.

कुणालाही घ्यायचं तर आधी कुणाला तरी विचारावं लागतं. सोमवारभर तिनं मनात वाक्य जुळवलं. मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत सगळे गेले, तेव्हा ते वाक्य तसंच ठेवून तिनं काम एकटीनंच केलं. दांडा पाव फेरा फिरवायचा, वळसा घालून पलीकडे पळायचं, काटा वाचायचा, पुन्हा इकडे यायचं. पाऊण तासात तिनं त्या पंपाला इतक्या प्रदक्षिणा घातल्या, की एखादा देवही प्रसन्न झाला असता. शेवटी फरक उरला दोन शतांश मिलिमीटर. पाचपर्यंत चालतो.

बुधवारी साहेबांनी स्वतः मोजून पाहिलं. “झकास! जोडीला कोण होतं?”

“कुणी नाही, सर.”

साहेबांनी चष्मा काढला. “अगं, हे दोन माणसांचं काम आहे.”

“हो सर. पण झालं.”

“तेच तर! या पानावर मी काय लिहू? हिला कुणाचीही गरज पडली नाही?” मग आवाज खाली आणून म्हणाले, “जाऊ दे. कुणाचं तरी नाव घाल, मी सही ठोकतो.”

ती पेन घेऊन बसली. नऊ हजारांतलं एक नाव. तिला निळ्या टोपीवाला माहीत होता, सारखा घसा खाकरणारा माहीत होता, शिट्टीवर कायम एकच गाणं अर्ध्यात सोडणारा माहीत होता. तीन महिन्यांत नाव मात्र एकाचंही कळलं नव्हतं. शेवटी ती खिडकीशी गेली.

“काका, तुमचं नाव काय?”

“का? तक्रार करायचीय?”

तिनं सगळं सांगितलं. काकांनी कान खाजवला.

“खोटं नाव घालायचं नाही. माझं तर मुळीच नाही. एकोणीस वर्षं हत्यारं वाटतोय, एक बोल्ट पिळलेला नाही मी. उद्या कुणी विचारलं तर?”

“मग राहू दे, काका.”

“राहू दे काय? बोल्ट सैल कर, पुन्हा जुळवू. शुक्रवारी चहाच्या सुट्टीत मी येतो. साहेबाला उभं कर.”

गुरुवारी कॉलेजात ती मागच्या बाकावर बसून, दोन शतांश किती छान आकडा आहे, याचा विचार करत राहिली. शुक्रवारी सकाळी तिनं स्वतःच्या हातानं मोटर ढिली केली. सरळ झालेलं काम वाकडं करायला दोन मिनिटं लागली.

चहाच्या सुट्टीत काकांनी खिडकी लावली आणि ते बाहेर आले. या माणसाला पायही आहेत, हे विभागाला पहिल्यांदाच कळलं.

“थांबा म्हटलं की थांबायचं, काका.”

“थांबतोय की! हा दांडाच ऐकत नाही.”

बंद खिडकी पाहून निळ्या टोपीवाला शोधत आला. “काका, पाना हवाय. तुम्ही इथे काय करताय?”

“टीम आहे आमची. दिसत नाही? बाजूला हो, उजेड अडवतोस.”

साहेब चहाचा कप घेऊन डोळ्यांनी पाहत होते. काटा पाचावर थांबला. एक शतांश पुढे गेला असता तर नापास.

“मंगळवारचं काम चांगलं होतं,” साहेब म्हणाले आणि सही केली. शेऱ्यात लिहिलं, ‘सहकार्य उत्तम’. पंप आता आधीपेक्षा वाकडा होता आणि नियमाप्रमाणे अगदी सरळ.

सहकाऱ्याचं नाव काकांनी स्वतः लिहिलं, सावकाश, आडनावासकट. मग त्यांनी तळहात पुढे केला. सोमवारपासून तिची इमारत वेगळी, खिडकी वेगळी. तिनं बिल्ला दिला. काकांनी तो पुसून खिळ्यावर अडकवला.

“आता तुला काय म्हणायचं?”

तिनं नाव सांगितलं. काकांनी ते एकदा म्हणून पाहिलं. तेवढ्यात खिडकीशी रांग लागली.

संध्याकाळी फोन आला.

“सही झाली, आई. पुढचं वर्ष पक्कं.”

“वा गं बाई! एकटीनं केलंस सगळं?”

“नाही. आज दोघं होतो.”



“दोघंच? आणि बाकीचे कुठे गेले?”