सिंह कुणाचा, बैल कुणाचा

वडील गेल्यावर त्यांची नाणी वाटून घ्यायला धाकटा भाऊ दवाखाना बंद ठेवून आला होता, आणि हे एकदाचं उरकावं एवढंच ताईला हवं होतं. निदान तिने स्वतःला तसं बजावलं होतं. खरं तर त्यातलं एक नाणं तिला हवं होतं. पण मागायचं म्हणजे तोंड उघडायला हवं, आणि तेवढं त्राण वडिलांच्या आजारपणानंतर तिच्यात उरलं नव्हतं.

भाऊ दातांचा डॉक्टर. टक्कल पडलं तरी घरात तो छोट्याच. ताई घरी पडदे शिवायची, म्हणून नाण्यांचे ट्रे कापड बेतायच्या लांब टेबलावर मांडले होते. बाजूला मशीनवर एक पडदा अर्धवट लोंबत होता. तो ज्यांचा होता त्यांचे सकाळपासून दोन फोन येऊन गेले होते.

वडील घड्याळजी. जन्मभर लोकांची घड्याळं उघडून बसले आणि त्यातून जे चार पैसे सुटले त्यांची जुनीपुराणी नाणी घेत राहिले. तीही फक्त प्राण्यांची. दुकानदाराने राजाचा मुखडा पुढे केला की म्हणायचे, “माणसं नकोत हो, दिवसभर माणसंच बघतो.” सुट्टीच्या दिवशी ट्रे निघायचे, तेव्हा पोरांची भांडणं नकोत म्हणून त्यांनीच वाटणी करून दिली होती. शिकार करणारे छोट्याचे, चरणारे ताईचे. सिंह, वाघ, बिबटे, लांडगे त्याला. हत्ती, घोडे, बैल, हरणं तिला. कासव कुणालाच नको होतं, ते ताईच्या गळ्यात पडलं. रानडुकरावरून मात्र दोघांनी घर डोक्यावर घेतलं होतं, कारण ते मेलं काहीही खातं. अर्थात ही मालकी नुसती बघण्यापुरती. नाण्याच्या तोंडावर कुणाचं बोट टेकलं की वडील दिवसभर बोलायचे नाहीत.

“तीच वाटणी ठेवायची ना?” छोट्याने विचारलं.

“ठेव.”

तो भराभर निवडत सुटला. “हा बिबट्या बघ, शेपूट कशी उभारलीय! आणि ही तुझी हत्तीण.” ताई हूं हूं करत होती. त्याच्या उत्साहाचा तिला रागही येत नव्हता, कारण रागावायलासुद्धा अंगात जोर लागतो. त्याने रानडुक्करही स्वतःच्या ट्रेमध्ये सरकवलं. तिने पाहिलं आणि सोडून दिलं.

सगळ्यात शेवटी कापडाच्या एका पुरचुंडीतून ते चांदीचं नाणं निघालं. बैलाच्या पाठीवर झेप घेऊन त्याची मान धरलेला सिंह. हे एवढं एक वडिलांनी कधीच कुणाच्या वाट्याला घातलं नव्हतं. “हे माझं,” म्हणायचे.

“सिंह वर आहे, जिंकतोयही तोच,” छोट्या म्हणाला. “म्हणजे माझं. चालेल ना?”

हेच तर ताईला हवं होतं. “घे,” ती म्हणाली, आणि असं पटकन म्हटल्याबद्दल तिला स्वतःची चीड आली.

त्याने वडिलांचं भिंग डोळ्याला लावलं आणि त्याच्या नाकाचा शेंडा लाल झाला. “हे कुणी केलं? जुनी काळपट झाक पार गेलीय. दाढ झिजते तसं झिजलंय हे. ताई, तू पॉलिश केलंस?”

“बाबांनी चोळलं.”

“काहीतरीच! बोट लावू द्यायचे का बाबा?”

“ते बाबा वेगळे. शेवटी मला ओळखतही नव्हते. बाई, तुम्ही कोण, म्हणायचे. रात्ररात्र हाका मारायचे, उठून दाराची कडी ओढत राहायचे. एकदा वैतागून हे त्यांच्या हातात दिलं, तर मुठीत धरून अंगठ्याने चोळत बसले. मग मी रोजच देत गेले.”

“अगं, हजारो वर्षं टिकलेलं नाणं! आणि तू सरळ त्यांच्या हातात—”

“तासभर शांत बसायचे,” ताई म्हणाली. “तेवढा वेळ मी झोपायचे.”

छोट्याने डोळ्यावरचं भिंग काढलं. “मला सांगायचंस ना,” तो म्हणाला.

“सांगितलं होतं. तू म्हणालास, एखादी बाई ठेव.”

त्याला आठवलं असणार. तो भिंग सदऱ्याला पुसू लागला.

“आता नीट बघ,” ती म्हणाली. जीभ सुटलीच होती, तर सुटली. “कुठे आहे तुझा सिंह?”

त्याने पुन्हा भिंग लावलं. सिंह वर, म्हणून अंगठा सारखा त्याच्यावरूनच फिरला होता. डोकं गेलं होतं, आयाळ गेली होती. सिंहाच्या जागी नुसता गुळगुळीत उंचवटा, आणि त्याखाली गुडघे टेकलेला बैल तेवढा शाबूत.

“बैलच उरलाय,” तो हळू आवाजात म्हणाला.

“चरणारे माझे. आण इकडे. मला हवंय ते.”

असं काही तिने त्याच्याकडे आयुष्यात मागितलं नव्हतं. तिचा आवाज तिलाच परका वाटला. छोट्याने नाणं तिच्या तळहातावर ठेवलं. मग तो उगाचच ट्रे सरळ करत बसला. मशीनवरच्या त्या अर्धवट पडद्याकडे त्याने पहिल्यांदाच पाहिलं.

“ताई, तू जा, जरा पड,” तो म्हणाला. “मी आवरतो सगळं. पडदेवाल्यांचा फोन आला तर मी बोलतो.”

एवढं एक वाक्य ऐकायला तिचे कान आसुसले होते. ते ऐकलं आणि तिला रडू फुटलं. डोळे पुसायचंही तिने मनावर घेतलं नाही.

“झोप येत नाही रे छोट्या,” ती म्हणाली. “आता कुणी हाकच मारत नाही.”