वरचे मजले

“दादा, गेला तुमचा जुना पक्ष पाण्यात,” धाकटा भाऊ टीव्हीकडे बोट करून म्हणाला.

“तोंड आवर. ते चॅनल बदल आणि मग बोल,” थोरला म्हणाला. “माझ्या बायकोच्या कंपनीचे आकडे बघ. जुनेच येतायत परत. आणि चांगले दणकून.”

“म्हणजे माझी बायको काय घरात बसून आकडे काढते?”

स्वयंपाकघरात भांडं आपटल्याचा आवाज झाला.  आत धाकट्या जावेच्या हातातून पातेलं निसटलं होतं. ते तिनं उचललं, विसळलं, पुन्हा ओट्यावर ठेवलं आणि त्याच्याकडे बघत उभी राहिली.

“काय गं?” थोरलीनं विचारलं.

“काही नाही, ताई.”

घरात टीव्ही एक आणि मतं दोन. थोरल्याचा कारखाना बंद पडून बरीच वर्षं झाली होती. धाकट्याला कधी काम असे, कधी नसे. घर चालत होतं ते दोन जावांच्या पायांवर. दोघी दारोदार फिरून लोकांना प्रश्न विचारायचं काम करत. एरवी साबण कोणता वापरता, पंखा कुठल्या कंपनीचा, असलं काहीबाही. निवडणूक आली की मत कोणाला देणार. थोरली या कामात मुरलेली. भागातली माणसं तिला प्रश्नमावशी म्हणत, आणि कंपनीतही तेच नाव पडलं होतं. धाकटीला तिनंच या वाटेला लावलं, फक्त कंपनी दुसरी मिळाली. फिरायला मात्र दोघींना शहराचा एकच जुना भाग आला.

या खेपेला राज्यात जुने आणि नवे अशी काट्याची टक्कर होती. प्रश्नमावशीची कंपनी म्हणत होती जुने येणार. धाकटीची कंपनी म्हणत होती नवे. रोज संध्याकाळी टाय लावलेली माणसं टीव्हीवर बसून हे असं का, ते समजावून सांगत. कुणी म्हणे आतून लाट आहे. कुणी म्हणे बायका मनातलं बोलत नाहीत. प्रश्नमावशी भाजी निवडता निवडता ऐके. आधी आधी तिला हसू यायचं. मग ते यायचं बंद झालं.

“बोल की,” तिनं धाकटीला पुन्हा म्हटलं.

“आज ऑफिसात बोलावलं होतं.” धाकटीनं आवाज खाली आणला. “साहेब म्हणाले, त्या दुसऱ्या कंपनीच्या बाई तुमच्याच गल्ल्यांत फिरतात, त्यांना सगळीकडे जुने सापडतात, आणि तुम्हालाच बरे नवे सापडतात. त्या बाईंच्या कामात आजवर खोट निघालेली नाही म्हणाले. तुम्ही घरी बसून मनानं भरता. शनिवारी मशीन आणून द्या, काम बंद.”

“माझं नाव घेतलं?”

“प्रश्नमावशी म्हणाले. त्यांना काय माहीत तुम्ही माझ्या जाऊ म्हणून.” धाकटी हसायला गेली, पण तोंड वाकडं झालं. “ताई, तुम्हीच सांगा, मी घरी बसून भरते का हो? जिने चढून चढून मेले मी.”

प्रश्नमावशीनं पोळी उलटायची म्हणून उलटली. ती भाजली होती की नव्हती, तिला दिसलं नाही.

जिने. तिथंच सगळं होतं.

कंपनीचं मशीन म्हणजे हातात मावणारी एक पाटी. कुठलं घर विचारायचं ते मशीनच निवडून देई: ही गल्ली, ही इमारत, तिसरा मजला, डावीकडचं दार. आपल्या मनानं घर निवडायचं नाही, हा कामातला पहिला नियम. मात्र निवडलेलं दार बंद असेल तर ‘दार बंद’ असं बटण दाबायचं आणि त्याच इमारतीतलं दुसरं घर घ्यायचं, एवढी मुभा होती. जुन्या भागातल्या इमारतींना लिफ्ट नव्हती. आणि प्रश्नमावशीच्या गुडघ्यांनी गेल्या थंडीपासून हात टेकले होते. जिना समोर आला की आधी रेलिंग धरायचं, मग उसासा, मग पाऊल. एकदा तिसऱ्या मजल्याचं घर निघालं तेव्हा ती जिन्याखाली उभी राहिली, वर बघितलं, आणि तिथूनच तिनं ‘दार बंद’ दाबलं. तळमजल्यावरच्या दुकानदाराकडे बसून प्रश्न विचारले. त्यानं पाणी दिलं, बसायला स्टूल दिलं.

मग ते अंगवळणी पडलं.

एकही उत्तर तिनं खोटं भरलं नव्हतं. कंपनीवाले मागाहून फोन करून विचारत, बाई आल्या होत्या का? लोक सांगत, हो हो, आल्या होत्या, चांगल्या आहेत स्वभावानं. मशीन कुठे उभं आहे तेही ऑफिसात दिसे. पण किती उंचावर आहे ते कुणाला दिसत नसे. खोटं होतं ते एवढंच, की वरचं दार बंद होतं.

तिला वाटलं होतं, माणूस माणसासारखाच. खालचा काय आणि वरचा काय. पण खाली राहत दुकानदार, घरमालक, पेन्शनवाले; त्यांना आहे ते बरं होतं. वरचे मजले भाडेकरूंचे. पाणी आधी त्यांचं जाई, भाडं आधी त्यांचं वाढे. ते कोणाला मत देणार हे तिनं विचारलंच नव्हतं. धाकटी वर जाऊन विचारत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीच्याच गल्लीत गेली. मशीननं दुसरा मजला दिला, ती चढली. वर एक शिवणकाम करणारी बाई होती, म्हणाली, नवे. पुढच्या इमारतीत तिसरा मजला. तिथला रात्रपाळीहून आलेला वॉचमन झोपमोड झाली म्हणून आधी खेकसला आणि मग दारात उभ्या उभ्या सगळी उत्तरं देऊन गेला. तोही नवे म्हणाला. एक घर जुन्यांचं निघालं, त्यानंतरचं पुन्हा नव्यांचं. प्रत्येक जिन्याच्या वळणावर ती थांबे, भिंतीला टेके आणि मनात म्हणे, पोरगी खरं बोलत होती. हे तिला आधीपासून ठाऊकच होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि गुडघ्याला कळणं वेगळं.

शेवटचं घर अगदी वरचं होतं, गच्चीखालचं. दार नुसतं लोटलेलं होतं. आत खिडकीशी खुर्चीवर एक म्हातारी बसली होती. वाळक्या शेंगेसारखी बारीक, पण आवाज खणखणीत.

“कोण गं? गॅसवाली का?”

“नाही आजी. निवडणुकीचं विचारायला आले.”

“मला?” म्हातारीनं मागे कुणी उभं आहे का ते बघितलं. “मला विचारायला?”

“हो, तुम्हालाच. तुमचं घर निघालंय.”

मशीनवरचा पहिला प्रश्न होता, आपण मतदानाला जाणार का.

“कशी जाणार? माझे पाय गेले. मला उतरवायला मुलगा होता, तो परगावी. मागच्या खेपेलाही नाही गेले.”

जो मतदानाला जाणार नाही त्याला पुढचं काही विचारायचं नाही, असा नियम होता. मशीननं ‘आभारी आहोत’ असं दाखवलं आणि पडदा बंद झाला. प्रश्नमावशी उठायला लागली. खरं तर तिला उठवत नव्हतं.

“झालं?” म्हातारी म्हणाली. “एवढी चढून आलीस आणि एवढंच?”

“तसा नियम आहे, आजी.”

“उतरता येत नाही म्हणजे काय मतही नाही मला?”

यावर कंपनीनं काही शिकवलं नव्हतं. प्रश्नमावशी पुन्हा खाली बसली आणि तिनं विचारलं, “मग सांगा. उद्या मतदान झालं तर आपण कोणाला मत द्याल?”

म्हातारी बोलायला गेली, थांबली. “असं नाही. एवढ्या वर्षांत कुणी विचारलं नाही, आणि आता एकदम विचारतेस. जरा विचार करू दे. उद्या ये.”

“उद्या?”

“का? जमत नाही?”

“येते,” प्रश्नमावशी म्हणाली.

तिथून ती थेट ऑफिसात गेली. सुपरवायझर वयानं तिच्या मुलासारखा होता. सगळं टक्क्यांत बोलायची खोड, म्हणून बायका त्याला पाठीमागे टक्केसाहेब म्हणत. त्यानं खुर्ची पुढे केली.

“या मावशी! तुमच्यामुळं आमची मान शंभर टक्के ताठ आहे बघा. ती दुसरी कंपनी बोंबलतेय नुसती.”

तिनं सांगून टाकलं. गुडघे, जिने, बटण. सांगायला फार वेळ लागला नाही.

टक्केसाहेब उठला, केबिनचं दार लावून आला. “मावशी, हे तुम्ही मला सांगितलंच नाही असं समजू या.”

“सांगितलंय.”

“अहो, सगळ्या राज्याच्या आकड्यात तुमची घरं अर्धा टक्का पण नाहीत. तुमच्या गुडघ्यानं काही सरकार पडत नाही की येत नाही. आणि तुम्हाला काय वाटतं, जिन्याखालून परत येणाऱ्या तुम्ही एकट्याच?”

“त्या अर्ध्या टक्क्यापायी माझ्या जावेचं काम जातंय,” ती म्हणाली. “घरी बसून भरते म्हणतात तिला. तुम्ही तिच्या साहेबांना फोन करा.”

“फोन केला तर मला कारण द्यावं लागेल. कारण दिलं तर तुम्हाला ठेवता येणार नाही.”

“माहीत आहे.”

तो पुन्हा खुर्चीत बसला. रागावला नव्हता; दमल्यासारखा दिसत होता. “गुडघे दुखतात हे आधी का नाही सांगितलंत?”

“सांगितलं असतं तर काम दिलं असतंत?”

टक्केसाहेबानं टेबलावरचं पेन उचलून दुसरीकडे ठेवलं. मग फोन लावला. पलीकडचा ओळखीचाच होता. आधी इकडचं तिकडचं झालं, कोणाची बदली, कोणाचा ताप. मग तो म्हणाला, “तुमच्या त्या बाईंना काढू नका. त्यांची घरं बरोबर आहेत. चूक आमच्याकडची.” फोन ठेवल्यावर त्यानं नुसता हात पुढे केला. प्रश्नमावशीनं मशीन पदरानं पुसून त्याच्या हातावर ठेवलं.

“टीव्हीवर जाणारे आकडे?” तिनं विचारलं.

“ते गेले, मावशी. दुपारीच.”

संध्याकाळी धाकटी घरात आली ती उड्या मारतच. “ताई, शनिवारचं रद्द! साहेबांनी स्वतः फोन केला. माफी मागितली म्हणजे बघा. शेवटी खरं ते खरं.”

“बरं झालं,” प्रश्नमावशी म्हणाली. ती कणीक मळत होती.

बाहेर टीव्हीवरच्या अंदाजात जुने पुढे होते. “बघ, बघ!” थोरला भावाच्या पाठीत थाप मारून ओरडत होता. कारखाना बंद पडल्यापासून त्याचा असा आवाज कुणी ऐकला नव्हता. “अगं ए, बाहेर ये! तुझी कंपनी म्हणजे कंपनी आहे!”

ती गेली नाही.

धाकटीचं लक्ष कोपऱ्यातल्या खिळ्याकडे गेलं. तिथं फक्त पिशवी लटकत होती, सपाट. “ताई, तुमचं मशीन?”

“दिलं परत.”

“का? अजून मतदान व्हायचंय.”

“काम संपलं माझं.”

 मग धाकटीच्या मनात काय जुळलं कोण जाणे. तिनं जावेच्या गुडघ्यांकडे बघितलं. मग पुढे होऊन तिनं परात आपल्याकडे ओढली.

“सरका. बसा तुम्ही.”

“रागावलीस?”

“हो,” धाकटी म्हणाली आणि कणीक मळायला लागली. जरा वेळानं म्हणाली, “चहा घेणार का?”

सकाळी धाकटी कामावर निघाली. ती गेल्यावर प्रश्नमावशीनं साडी बदलली. नवऱ्यानं विचारलं, “कुठं?” ती म्हणाली, “येते एका घरी जाऊन.”

जुन्या भागातल्या त्या इमारतीत ती एकेक मजला चढली. पहिल्यावर थांबली, दुसऱ्यावर बसली. तिसऱ्यावर एक पोरसवदा बाई कपडे वाळत घालत होती; तिनं विचारलं, “कोणाकडे?” प्रश्नमावशीनं नुसतं वर बोट दाखवलं. बोलायला दम नव्हता.

गच्चीखालचं दार आज उघडं होतं. म्हातारीनं केस विंचरले होते. खुर्ची खिडकीकडून फिरवून दाराकडे तोंड करून ठेवली होती, आणि समोर एक रिकामं स्टूल.

“आलीस? मला वाटलं, खालच्या खालीच जाशील.”

प्रश्नमावशीला धाप लागली होती, म्हणून बरं. उत्तर द्यावं लागलं नाही. ती स्टुलावर बसली.

“आज ते मशीन नाही आणलंस?”

“नाही, आजी. माझ्याकडून काढून घेतलं. तुम्ही सांगाल ते कुठंही जाणार नाही. पण मी ऐकायला आले.”

म्हातारीनं हे मनात घोळवलं. “बरं,” ती म्हणाली. “पण रीतसर विचार. कालच्यासारखं.”

प्रश्नमावशीनं पदर सारखा केला, पाठ ताठ केली आणि कामावरच्या आवाजात विचारलं, “उद्या मतदान झालं तर आपण कोणाला मत द्याल?”

म्हातारीनं सांगितलं. कोणाला ते सांगितलं आणि का तेही सांगितलं. त्यात वरपर्यंत न चढणारं पाणी होतं, परगावचा मुलगा होता, तरुणपणी एका सभेला नवऱ्याबरोबर चालत गेल्याची आठवण होती, आणि दोन्हीकडच्या लोकांना घातलेल्या शिव्या होत्या. मधे मधे ती थांबे, हे बरोबर आहे ना असं स्वतःशीच बघे आणि पुढे जाई. प्रश्नमावशी मान हलवत राहिली. ते नाव तिनं पुढं कुणालाच सांगितलं नाही, जावेलाही नाही.

“झालं?” म्हातारीनं विचारलं.

“अजून एक आहे. शेवटचा.”

“विचार की.”

“घरात माणसं किती?”

म्हातारीनं एकवार खोलीभर नजर फिरवली.

“मी आहे,” ती म्हणाली.