एकावरची टिकली

बोथ गावच्या बसस्टँडमागं यशवंतरावांची टायपिंगची शाळा होती. शहाण्णव साली आदिलाबादेत कॉम्प्युटरचे क्लास निघाले आणि पोरं तिकडं पळाली. उरली ती मशीनं आणि त्यांच्यावरची धूळ. शेवटी जुनी विद्यार्थिनी पंचफुला हिनंच शब्द टाकून सरांना आपण कामाला असलेल्या कापसाच्या जिनिंगच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसवलं.

"आज का काम देखेंगे," मॅनेजरसाहेब म्हणाले. "जमा तो रखेंगे."

न जमायला काय झालं! यशवंतरावांच्या लेखी बटणांकडं बघून टाइप करणं म्हणजे पाप. शाळेत कुणाची मान खाली गेली की बोटांवर पट्टी बसलीच. पंचफुलानंही ती पोटभर खाल्ली होती.

त्यांनी कापसाच्या गाड्यांची वजनं खडाखड उतरवली. साहेबांनी बेरीज मागितली. आली ती निम्म्याहून कमी.

"मास्टरजी, आधा कपास कहाँ गया?"

यशवंतराव परत पडद्याकडं वळले. आकडा न्‌ आकडा ताडून पाहिला, पडद्यावर सगळं बरोबर होतं.

"पंचे, माह्याच्यानं होत नाही बाई. जातो मी घरी."

पंचफुला पडद्याजवळ वाकली आणि हसायलाच लागली. "सर, एक कसा मारला?"

"कसा म्हंजे? एल दाबून!"

त्यांच्या जुन्या मशीनांना एकाचं बटणच नव्हतं. इंग्रजीतला छोटा एल हाच एक, असं त्यांनी आजवर सगळ्यांना शिकवलं होतं. दिसायला दोन्ही सारखेच, म्हणून कागदाला ते चालायचं. कॉम्प्युटरला मात्र बेरजेत अक्षर चालेना. एक हा आकडा असलेलं प्रत्येक वजन त्यानं खुशाल सोडून दिलं होतं.

"मी बी पयल्या दिवशी हेच केलं होतं," पंचफुला म्हणाली. "साहेबानं असं झापलं का विचारू नका."

"मंग मले सांगतलं काऊन नाही?"

"तुमची चूक तुमाले कशी सांगू, सर?"

यशवंतरावांनी खुर्ची पुन्हा पुढं ओढली. तिनं साहेबांकडून थोडा वेळ मागून घेतला, कपाळाची टिकली काढली आणि एकाच्या बटणावर चिकटवली. "बोटाले लागली का एक. खाली पाहाचं कामच नाही."

बोट बराच वेळ चाचपडत राहिलं. टिकली काही गावेना.

"पंचे, पाहू का खाली?"

"पाहा, सर. माह्याजवळ पट्टी नाही."

संध्याकाळी बेरीज जुळली. "कल से आ जाइए," साहेब म्हणाले.

दुसऱ्या दिवशी यशवंतराव आले ते शाळेतली पट्टी घेऊनच. ती त्यांनी पंचफुलाच्या टेबलावर ठेवली.

"राहू दे तुह्याजवळ," ते म्हणाले. "माही मान आता लई खाली जाते."