चार तास पन्नास मिनिटं

“उन्हाळा माणसाला खोटं बोलू देत नाही,” म्वेलासेंनी गंभीरपणे जाहीर केलं, आणि एक पाय पेट्रोलपंपाच्या कठड्यावर ठेवून ते मांडीला व्हॅसलीन चोळायला लागले.

पहाटेचे चार वीस झाले होते. दक्षिण आफ्रिकेतल्या उम्लाझीच्या त्या पंपाशी, जानेवारीतल्या भर उन्हाळ्यात, पळणाऱ्यांच्या क्लबाचे तेवीस सभासद जमणं अपेक्षित होतं. जमले होते दोन. उरलेल्या एकवीस जणांनी मोबाइलवर निरोप पाठवले होते. कुणाकडे पाहुणे होते, कुणाची टाच दुखत होती, कुणाची सासू आजारी होती. एकाची सासू तर डिसेंबरात वारली होती आणि जानेवारीत पुन्हा आजारी पडली होती.

म्वेलासे त्रेसष्ट वर्षांचे, न्यायालयातले निवृत्त दुभाषी. तीस वर्षं दुसऱ्यांचं बोलणं शपथेवर इकडून तिकडे पोचवल्यामुळे ते साधं ‘पाणी द्या’सुद्धा साक्ष दिल्यासारखं म्हणत. त्यांच्यासमोर बुटाची नाडी आवळत होती ती माशेझी. वय सत्तेचाळीस, काम हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करण्याचं. दिवसाचे आठ तास वाफेत काढणाऱ्या बाईनं उरलेला वेळही वाफेतच का काढावा, हे तिच्या नणंदेला कळत नसे, आणि कळत नाही हे नणंद आठवड्यातून दोनदा येऊन सांगत असे.

“बाबा, आज हवाच नाही,” माशेझी म्हणाली. “ही तर पेज आहे.”

“मग ढवळत राहायचं,” म्वेलासे म्हणाले. “चला.”

दोघं निघाले. समुद्र डोंगराच्या पलीकडे होता, पण त्याचं पाणी हवेतून चालत इथवर आलेलं होतं. रात्रभर तापलेले पत्रे अजून निवले नव्हते. पहिल्या किलोमीटरला पाठ भिजली, दुसऱ्याला मोजे, आणि तिसऱ्यापासून बूट पचपच बोलायला लागले. छपरांवरून हाडीडा पक्षी ओरडत उठले. हे पक्षी रोज असेच ओरडतात, जणू त्यांना कुणीतरी आत्ताच काहीतरी भयंकर सांगितलं आहे.

सहाव्या किलोमीटरला टॅक्सींचा थांबा होता. पहिल्या टॅक्सीचा ड्रायव्हर खिडकीतून अर्धा बाहेर आला.

“आई, चोर कुठल्या बाजूला गेला?”

“तुझ्याच गाडीत बसलाय,” माशेझी न थांबता म्हणाली. “चाक धरून.”

मागच्या सीटवरून तीन बायका एकदम हसल्या. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवून हार मान्य केली.

माशेझीला पळायचं होतं ते एकाच शर्यतीसाठी. डोंगरातल्या शहरातून समुद्राकडे येणारी नव्वद किलोमीटरची ती मोठी शर्यत जूनमध्ये असते, आणि त्या भागात तिला नुसतं ‘शर्यत’ म्हणतात. दुसरी कुठली असेल तर तिनं आपलं नाव सांगायचं. पण शर्यतीत कुणालाही घेत नाहीत. आधी बेचाळीस किलोमीटर चार तास पन्नास मिनिटांच्या आत पळून दाखवावं लागतं. माशेझीनं नोव्हेंबरात प्रयत्न केला, म्वेलासेंच्या मागून निघाली, तिसाव्या किलोमीटरला मागे पडली आणि चार त्रेपन्नला पोचली. जानेवारीच्या सुरुवातीला पुन्हा केला, तेव्हा चार अठ्ठावन्न. तिसरी आणि या वर्षातली शेवटची संधी मार्चच्या पहिल्या रविवारी होती, किनाऱ्याच्या रस्त्यावर. म्हणजे तोवरचा सगळा सराव उन्हाळ्यातच करायचा होता.

तिनं तो केला. सुट्टी फक्त एकदा घेतली, भाचीच्या लग्नाला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळ-संध्याकाळ पळून ती भरून काढली. कपडे रात्री दोरीवर टाकले तर पहाटे टाकतानापेक्षा ओले निघत, म्हणून तिनं ते लाँड्रीच्या गरम पाइपावर वाळवायला सुरुवात केली. मांड्या सोलवटल्या तेव्हा नवऱ्याची जुनी सायकलची चड्डी घातली. शेजारणीनं विचारलं, हे काय घातलंय? माशेझी म्हणाली, नवरा वापरत नाही, कुणीतरी वापरायला हवी. फेब्रुवारीत एका सकाळी पंधराव्या किलोमीटरला ती एका भिंतीला हात टेकून ओकली, तोंड पुसलं आणि “आंबा होता, जाऊ दे,” एवढं बोलून पुढे निघाली.

वेग म्हणाल तर तो नव्हता. पाय आखूड, खांदे चादरी उचलून रुंद झालेले, पळताना डावा हात उगाच बाहेर जायचा. धावपटूची म्हणावी अशी एकच गोष्ट तिच्याकडे होती. ती रोज येत असे. म्वेलासेंनी आपल्या पळण्याच्या तीस वर्षांत मोठे वेगवान लोक पाहिले होते, आणि त्यांतले बहुतेक या महिन्यांत घरी झोपलेले असत.

“रविवारी मी बस चालवणार,” शेवटच्या आठवड्यात ते म्हणाले. “चार पंचेचाळीसची. तुम्ही फक्त माझ्या पाठीकडे बघायचं. घड्याळाकडे नाही, आकाशाकडे नाही.”

“पाठीवर काय आहे बघण्यासारखं?”

“शिस्त,” म्वेलासे म्हणाले.

ही बस माणसांचीच असते. पुढे काठीला झेंडा लावलेला ड्रायव्हर, आणि ज्यांचा स्वतःच्या गणितावर भरवसा नाही ते सगळे त्याच्या मागे. ड्रायव्हर ओरडेल तेव्हा पळायचं, ओरडेल तेव्हा चालायचं. सहा मिनिटं आणि एक मिनिट, सहा आणि एक. कुणीही चढावं, कुणीही गळावं. बस थांबत नाही.

रविवारी पाच वाजता शर्यत सुटली तेव्हा म्वेलासेंच्या मागे नऊ जण होते. पिवळा झेंडा, त्यांच्या बायकोच्या जुन्या पडद्याचा. दहाव्या किलोमीटरला वीस झाले. समुद्रावर सूर्य उगवला, आणि त्याच्याबरोबर रस्त्यावरून वाफ उठली. जे आपल्या हिमतीवर पुढे गेले होते ते एकेक करून मागे येऊ लागले, झेंडा पाहून बाजूला सरकले, आणि लाजत लाजत बसमध्ये शिरले. तिसाव्या किलोमीटरला साठच्या वर माणसं होती. पाण्याच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या दातांनी फोडून अर्धं पाणी तोंडात, अर्धं डोक्यावर. मीठ लावलेले उकडलेले बटाटे हातोहात मागे जात होते. मागे कुणीतरी गाणं म्हणायला घेतलं आणि दोन ओळींनंतर श्वासाअभावी ते शेजाऱ्याला दिलं.

माशेझी पाठीकडे बघत होती. म्हणून चौतिसाव्या किलोमीटरला ती पाठ एकदम खाली गेली, ते सगळ्यांत आधी तिलाच दिसलं.

म्वेलासे रस्त्याच्या कडेला बसले होते. दोन्ही पोटऱ्यांत पेटके आले होते. कातडीखाली कुणी उंदीर सोडल्यासारखे गोळे फिरत होते.

“बाबा!”

“मी मरत नाहीये,” म्वेलासे दात आवळून म्हणाले. “मला बटाटा द्या. आणि हे धरा.” त्यांनी झेंडा तिच्या हातात कोंबला आणि मनगटावरचं घड्याळ सोडवायला लागले.

“मी? मागे साठ माणसं आहेत!”

“म्हणूनच. तीन मिनिटं हातात आहेत. सहा-एक, सहा-एक. शेवटी मैदानात गवत लागेल, तिथे कुणी घसरू देऊ नका. आणि रेषेपाशी ड्रायव्हर बाजूला होतो. सगळे प्रवासी आत, मग ड्रायव्हर. आधी ड्रायव्हर उतरला तर ती बस नव्हे. पळा!”

वाद घालायला वेळ नव्हता. साठ माणसं जागच्या जागी पाय उचलत तिच्याकडे बघत होती, त्यांत एक वकील होता, दोन शिक्षिका होत्या आणि एक फार मोठा पोलीस.

“बघताय काय?” माशेझी ओरडली. “पळा!”

आणि ते पळाले.

त्यानंतरच्या आठ किलोमीटरांत माशेझी थकली की नाही हे तिला नंतर सांगता आलं नाही. थकायला सवड लागते. तिला घड्याळ बघायचं होतं, ओरडायचं होतं, झेंडा उंच धरायचा होता. सदतिसाव्या किलोमीटरच्या चढावर मोठा पोलीस म्हणाला, “आई, माझं झालं. तुम्ही जा.”

“तुझी आई असते तर कानफटात दिली असती,” माशेझी म्हणाली. “अजून चाळीस सेकंद, मग चालायचंय. चाळीस सेकंद तर वरिष्ठांसमोर उभा राहतोस की नाही?”

“राहतो.”

“मग ते पळत राहा.”

तो पळत राहिला. शिक्षिकांनी मोठ्यानं सेकंद मोजले, जणू तो त्यांच्या वर्गात होता. हवा तशीच पेजेसारखी होती. बाकीच्यांना ती नवी होती. माशेझी मात्र डिसेंबरापासून रोज तिच्यातच राहत आली होती. एकाचाही वेग तुटला की तिला आवाजावरून कळत होतं, आणि ती मागे न वळता त्याच्या टी-शर्टाचा रंग घेऊन शिवी देत होती. त्या आठ किलोमीटरांत बसमधून एकही माणूस गळला नाही. हे मी मुद्दाम सांगतो, कारण असं होत नाही.

मैदानाचं फाटक आलं तेव्हा घड्याळात चार सत्तेचाळीस दहा झाले होते. गवतावरून दोनशे मीटर. चार अठ्ठेचाळीस तीसला माशेझी रेषेपाशी पोचली, आणि बाजूला झाली.

झेंडा वर. “आत! आत! चला!” शिक्षिका गेल्या. वकील गेला, जाताना तिच्या खांद्याला हात लावून. मोठा पोलीस रडत गेला. दहा, पंचवीस, चाळीस. मांडवाखालच्या पंचांच्या टेबलापाशी एकजण चार पन्नासला वाजवायचा भोंगा हातात घेऊन उभा राहिला होता. चार एकोणपन्नास वीस. लोंढा संपला.

संपला नव्हता. गवताच्या मध्यावर एक म्हातारा राहिला होता. पांढरी टोपी, काटकुळे पाय, छातीवरचा नंबर एका पिनेवर लोंबणारा. बसमध्ये तो कधी शिरला हे तिनं पाहिलं नव्हतं, पण शेवटच्या चढावर टोपी तिनं पाहिली होती. तो चालत होता.

“काका, पळा! पन्नास होतायत!”

म्हाताऱ्यानं हात हलवला. तुम्ही व्हा पुढे, असा. तोंड उघडून काही बोललाही, पण श्वासात शब्द मावले नाहीत.

असा हात तिनं लाँड्रीत बारा वर्षं पाहिला होता. जड गाडा ढकलता येत नसलेली प्रत्येक बाई हाच हात करते.

“नाही!” माशेझी ओरडली. “सगळे आत, मग मी! या! पाय उचला, काका!”

साठ माणसं रेषेच्या पलीकडून ओरडायला लागली. पोलिसाचा आवाज सगळ्यांत मोठा. म्हातारा दचकला, त्यानं इकडे-तिकडे पाहिलं, आणि एवढ्या लोकांचा मान राखावा म्हणून असेल, खरोखरच पळायला लागला. गुडघे एकमेकांना विचारून हलत होते. चार एकोणपन्नास चाळीस. पंचेचाळीस. पन्नास. तो आला, तिच्या शेजारून गेला, आणि त्याचा पाय रेषेवरच्या वेळ नोंदवणाऱ्या पट्टीवर पडला तेव्हा चोपन्न झाले होते.

माशेझी त्याच्यामागून झेपावली.

पट्टीवर म्हातारा थांबला होता. मान खाली घालून, डोळे बारीक करून, तो आपल्या मनगटावरच्या घड्याळाचं बटण शोधत होता. पट्टी दोन माणसं मावतील एवढीच, दोन्हीकडे दोरखंड. त्याला धक्का देऊन जाता आलं असतं. माशेझीचा हात त्याच्या पाठीपर्यंत गेला, आणि तिथेच, न टेकता, थांबला.

बटण सापडलं. भोंगा वाजला. म्हातारा बाजूला झाला.

माशेझीनं झेंडा खाली केला आणि पट्टी ओलांडली. चार तास पन्नास मिनिटं पाच सेकंद.

साठ माणसं तिला उचलायला धावली, आणि त्या गोंधळात पंचांच्या टेबलाकडे बघायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. तिनंही सांगितलं नाही. उचललेल्या अवस्थेत तशी बातमी देणं बरं दिसलं नसतं.

सोमवारी पहाटे चार वीसला म्वेलासे लंगडत पंपाशी आले, ते तिची समजूत काढायला तिच्या घरी जावं की नाही याचा विचार करत. माशेझी कठड्यावर पाय ठेवून व्हॅसलीन चोळत होती.

“आज कशाला आलात?” ते म्हणाले. “शर्यत तर... पुढच्या वर्षी.”

“मग पुढच्या वर्षीचा आज पहिला दिवस,” माशेझी म्हणाली. “तुमचे पाय?”

“चालतील. पळणार नाहीत.”

“मग चालू.”

ते चालले. हवा जराही हलत नव्हती. टॅक्सीच्या थांब्याशी ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढलं, दोघांना चालताना पाहिलं, आणि परत आत घेतलं. मग साक्षीदाराला विचारावं तसं म्वेलासेंनी विचारलं, “शेवटी कोण होता? ज्याच्यासाठी थांबलात तो.”

“नाव नाही माहीत. म्हातारा. पांढरी टोपी, पाय असे काड्यांसारखे. नंबर एकाच पिनेवर.”

म्वेलासे थांबले. खाली वाकून त्यांनी पोटरी दाबली, गरजेपेक्षा जास्त वेळ.

“गोवेंदर,” ते म्हणाले. “तो नोव्हेंबरातच पात्र झालाय, माझ्याच बसमध्ये. रविवारी नुसता सरावाला आला होता.”